अठरा वर्षांचा हेल

कळंबचा येसाजी पाटील मेला, ही बातमी पोशीरला आली तेव्हा जयवंता अंगणात भात पाखडत होती. तिनं हातातलं सूप पुरतं पाखडलं, कोंडा कोंबड्यांपुढं टाकला आणि सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मेला एकदाचा." सून दारात उभी राहून बघतच राहिली. येसाजी पाटील म्हणजे काय ऐरागैरा माणूस होता? पण जयवंतानं तिच्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. चुलीपाशी बसून तिनं दोन भाकऱ्या कालवणाशी पोटभर खाल्ल्या, वर तांब्याभर पाणी प्यायली. रडणं हे रिकाम्या पोटी जमणारं काम नाही, हे तिला चांगलं ठाऊक होतं. आणि आजचं रडणं लांबणार होतं.

रडणं हा जयवंताचा मान होता. त्या मुलखात तेव्हा रीतच होती. कुणी मोठा माणूस गेला की तिरडी उचलायच्या आधी एक जाणती बाई उशाशी बसायची आणि हेल काढून त्याच्या जन्माची कहाणी रडायची. बाईनं एक ओळ म्हणायची, आणि मेलेल्याच्या घरातल्या सगळ्यात जवळच्या बाईनं, बहुतेक वेळा बायकोनंच, "व्हय गं बाय" म्हणून होकार द्यायचा. होकार आला की पुढची ओळ. रडणारीनं नसता गुण चिकटवू नये आणि घरच्यांनी असलेला नाकारू नये, म्हणून ही जोडी लावलेली. एकदा हेल उचलला की तो मधे मोडायचा नाही. पुरुषांनी तर अवाक्षर काढायचं नाही. अर्धा रडलेला माणूस घराचा उंबरठा सोडत नाही, अशी लोकांची पक्की समजूत होती, त्यामुळं हेल पुरा झाल्याशिवाय तिरडीला कुणी खांदा लावत नसे.

जयवंतासारखा हेल दुसऱ्या कुणाला येत नव्हता, हे मात्र तिचे दुश्मनही कबूल करत. नेरळपासून पार खालापुरात चौक-लोधिवलीपर्यंत तिला गाडी धाडून नेत. लोधिवलीचे जुने खोत गेले तेव्हा ती अशी काही रडली, की खोतांशी जन्मभर कोर्टात भांडलेला त्यांचा चुलतभाऊ ओसरीवर कपाळ बडवून घ्यायला लागला. बायका म्हणायच्या, देवाची देणगी हाय. कसली देवाची देणगी घेऊन बसलात! बाईनं घाम गाळून कमावलं होतं ते. एका माणसाच्या मढ्यापाशी बसायला मिळावं म्हणून अकरा वर्षं ती परक्या मढ्यांवर हात बसवत होती. आणि तो माणूस आज गेला होता.

आता येसाजी पाटलाबद्दल जगाला काय ठाऊक होतं, ते आधी सांगतो. अठरा वर्षांपूर्वी आषाढात नदीला पूर आला. नदीच्या दोन फाट्यांमधल्या बेटावर पाटलाचं शेत होतं आणि तिथं लावणीला गेलेली नऊ माणसं पाण्यात अडकली. त्यांत कळंबच्या बायका होत्या, वाडीवरचे ठाकर होते. तेव्हा येसाजी तिशीच्या आतला, नवा नवा पोलीसपाटील झालेला. त्यानं म्हणे भोपळ्यांची सांगड स्वतः पाण्यात लोटली, पाच खेपा केल्या आणि नऊच्या नऊ माणसं जिवंत काढली. मामलेदारानं कागद वर पाठवले. कलेक्टरसाहेबानं अलिबागला बोलावून चांदीचं पदक छातीवर लावलं. पुढं येसाजी लोकल बोर्डात गेला, घोड्यावर बसायला लागला, आणि लोकांच्या तोंडी 'पुरातला पाटील' झाला.

मग ती सांगड कुणाची होती? ती सदूची. सदू हा जयवंताचा धाकटा भाऊ. वाळक्या भोपळ्यांवर बांबूचा ताटवा बांधून पावसाळ्याचे चार महिने माणसं पार करायची, हेच त्याचं काम होतं. त्या दिवसापासून सदू कुणाला दिसला नाही. पाटलानं सरकारात सांगितलं, "सदू पानी बगून पळाला, म्हनून मला उतरावं लागलं." झालं. पाटलाचा शब्द कागदावर चढला आणि सदू पळपुटा ठरला.

बरं, पळाला म्हणजे जिवंत आहे. जिवंत माणसाचं सुतक धरत नाहीत, त्याच्या नावानं कावळ्याला घास ठेवत नाहीत, त्याच्यावर रडत नाहीत. आई रोज पाऊलवाटेकडं तोंड करून बसायची आणि म्हणायची, "माजा सदू पान्याला भिनारा नाय गं." तिसऱ्या वर्षी ती तशीच गेली. राहिली सदूची बायको सुंदरा. लग्नाला दोन वर्षं झालेली, मूल ना बाळ. कपाळाला कुंकू लावून, हातभर हिरव्या बांगड्या भरून ती नवऱ्याची वाट बघत बसली. आणि येसाजीचं पाप इथंच संपलं असतं तरी चाललं असतं. पण तो मुंबईला जाऊन आला की मुद्दाम तिच्या दारावरून जायचा आणि सांगायचा, "सुंदरे, भाऊच्या धक्क्यावर सदू दिसला गं. पाठमोरा व्हता. हाक मारली तं गर्दीत घुसला." एकदा नाही, अठरा वर्षांत चार-पाच वेळा. मेल्याची जीभ झडली कशी नाही, देव जाणे. प्रत्येक वेळी सुंदरा नव्या बांगड्या भरायची.

खरं काय ते जयवंताला पुरानंतर सात वर्षांनी कळलं. वाडीवरची ठकी ठाकरीण करवंदं घेऊन पोशीरला आली होती. त्या नऊ माणसांतली ती एक. जयवंतानं तिला ओट्यावर बसवून पाणी दिलं, तर ती तांब्या हातात धरून ढसाढसा रडायलाच लागली. म्हणाली, "तुज्या भावानं मला अशीच धरली व्हती गं, मनगटाला. मी शेवटली."

मग तिनं सगळं सांगितलं. पाण्यात उतरला तो सदू. कमरेला दोर बांधून उतरला, आणि दोराचं दुसरं टोक काठावर येसाजीच्या हातात. येसाजीच्या मागं त्याची बायको आनंदीबाई, लावणीच्या बायकांना भाकरी घेऊन आलेली, ती पण दोराला हात लावून. सदूनं पाच खेपांत नऊ माणसं काढली आणि काठावर आडवा पडला. तेव्हा येसाजी म्हणाला, माझी बैलजोडी बेटावर राहिली. सदू म्हणाला, पाटील, पानी चडतंय, दोर झिजलाय. येसाजी म्हणाला, जातोस, का तुला ह्या गावात राहायचंच नाय? सदू गेला. मधधारेत असताना वरून एक झाडाचा ओंडका आला आणि दोराला हिसका बसला. दोर पाटलाच्या हातात राहिला नाही. सदू गेला, सांगड गेली, बैलही गेले. दोन दिवसांनी मामलेदार आला आणि त्यानं विचारलं, ही माणसं कुणी काढली? तर हा बाबा छाती काढून म्हणाला, मी.

"आनि तुमी नऊ जनं गप ऱ्हायला?" जयवंतानं विचारलं.

"वाडी त्याच्या जागंत हाय, बाय. त्यानं सांगितलं व्हतं, तोंड उघडलंत तं पेटवून दीन. आता बी माजं नाव काडू नको."

जयवंतानं ते कुणालाही सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, सुंदराला तर नाहीच. सुंदरा भोळी. ती तशीच उठून पाटलाच्या दारात जाऊन आक्रोश करणार, पाटील हसून नाही म्हणणार, आणि वाडीवर रातोरात आग लागणार. ठाकरणीचा शब्द आणि बोर्डाच्या मेंबराचा शब्द कोण एका तराजूत घालतो? जयवंताला असं ठिकाण हवं होतं जिथं सगळा मुलूख बसलेला असेल, कुणाला तिचं तोंड दाबता येणार नाही, आणि जिनं दोर धरला होता तिलाच होय की नाही ते बोलावं लागेल. अशी जागा एकच होती, येसाजीच्या मढ्याची उशी. त्या वर्षापासून ती दुसऱ्यांच्या मयताला जाऊन बसायला लागली. आधी मागं रडणाऱ्या बायकांच्या घोळक्यात, मग उशाशी.

आणि येसाजीची घमेंड बघा. दोन वर्षांपूर्वी लोधिवलीच्या खोतांच्या मयताला तो हजर होता. जयवंता रडून उठली तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाला, "आमच्या बारीला बी हीच बाई पायजे." सदूची बहीण आहे हे त्याला ठाऊक होतं की. पण ती नेहमी खाली मान घालून "व्हय पाटील" म्हणायची, त्यामुळं त्याला वाटलं, ही विसरली. मोठ्या माणसांना असं वाटतंच, की त्यांनी तुडवलेलं माणूस विसरतं. जयवंता त्याही दिवशी खाली मान घालून म्हणाली, "तुमचा हुकूम हाय तं ईन की, पाटील."

म्हणून आज गाडी येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. गाडीवान दारात आला, तेव्हा ती लुगडं बदलून ओट्यावर तयार बसली होती.

पाटलाच्या अंगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मामलेदार कचेरीतला कारकून आला होता, बोर्डाचे दोन मेंबर आले होते, आणि मांडवाच्या खांबाला टेकून नेरळचे मास्तर वही-पेन्सिल घेऊन बसले होते. मास्तर एका साप्ताहिकाला तालुक्याच्या बातम्या धाडत. पाटलाचा मुलगा गोमा, पंचविशीतला, रडून डोळे लाल झालेला, तो जयवंताला बघून पुढं आला. त्या पोराचा काही दोष नव्हता. पुराच्या वेळी तो सात वर्षांचा, आजोळी होता. बापानं सांगितलं तेच त्याला खरं.

"आत्या," तो म्हणाला, "समदं सांग, पन पुराचं इसरू नको. मास्तर लिवून घेत्यात. पेपरात छापून येनार हाय."

"नाय इसरत, बाळा," जयवंता म्हणाली. "कसं इसरीन?"

तिरडी अंगणाच्या मधोमध होती. येसाजीला नवं धोतर नेसवलेलं, डोक्याला पागोटं, आणि छातीवर ते पदक. आनंदीबाई पायाशी बसली होती. रडून तिचा चेहरा सुजला होता, पण जयवंता उशाशी बसताना तिनं तिच्याकडं ज्या नजरेनं बघितलं तीत दुःखापेक्षा धास्ती जास्त होती. वाकून ती हळूच म्हणाली, "जयवंता, थोडक्यात आटप गं." जयवंतानं पदर सारखा केला आणि मनात म्हटलं, अठरा वर्षं थोडक्यात कशी आटपायची, पाटलीणबाई?

कुंपणापलीकडं वाडीवरचे ठाकर उभे होते. त्यांत ठकी होती, आता पांढऱ्या केसांची. मागच्या बाजूला गावच्या सवाष्णींच्या घोळक्यात सुंदरा उभी होती. चाळिशीला टेकलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू.

जयवंतानं तिरडीच्या बांबूवर हात ठेवला आणि हेल उचलला.

"कळंबच्या पाटला रं, मोठ्या घरी आलास रं..."

"व्हय गं बाय," आनंदीबाई म्हणाली.

"शिरी तुज्या पागोटं, दारी तुज्या घोडं रं..."

"व्हय गं बाय."

"बोरडात बसलास, सायबासंगं बोललास रं..."

"व्हय गं बाय."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मास्तरांची पेन्सिल चालू होती. जयवंता सावकाश जात होती, एकेक ओळ लांबवून, एकेका होकाराची वाट बघून. आनंदीबाईचा आवाज हळूहळू मोकळा व्हायला लागला. तिला वाटलं असेल, आपण उगाच भ्यालो. जयवंतानं तिला तसं वाटू दिलं.

"आशाडाचं पानी आलं रं, बेटावर नऊ जीव आडाकलं रं..."

"व्हय गं बाय."

गोमानं मास्तरांना खूण केली. आता ऐका.

"काठावर उभा तू रं, दोर तुज्या हातात रं..."

"व्हय गं बाय," आनंदीबाई म्हणून गेली. ओघात म्हणून गेली, आणि मग तिच्या ध्यानात आलं. मास्तरांची पेन्सिल थांबली. जो काठावर दोर धरून उभा आहे, तो सांगडीवर कसा असेल? मास्तर हुशार माणूस. त्यांनी मान वर केली.

"दोर तुज्या हातात रं, सांगडीवर माजा सदू रं..."

होकार आला नाही.

अंगणातलं रडणं बंद झालं. जयवंता बांबूवर हात ठेवून तशीच बसून राहिली. ती वाट बघणं तिला गोड लागत होतं, खोटं कशाला सांगू. अकरा वर्षं ती ह्या क्षणाकडं चालत आली होती. समोर येसाजी मिशा पिळून पडलेला, आणि आज पहिल्यांदा त्याला तिच्यापुढं काही बोलता येत नव्हतं.

गोमा ताडकन उठला. "ए बाय, काय बोलतीस हे? कुनाचं नाव घेतीस?"

"खाली बस गोमा," लडकूआबा म्हणाला. लडकूआबा हा पाटलांच्या भावकीतला सगळ्यात म्हातारा, ऐंशीच्या पुढचा. "हेल चालू हाय. मोडलास तं तुजा बाप ह्याच अंगनात ऱ्हाईल. जिचं काम हाय ती बोलंल."

"आई, नाय म्हन," गोमा म्हणाला. "नाय म्हन आनि संपव."

आनंदीबाईनं मान खाली घातली. नाही म्हणणं सोपं होतं की. पण नवऱ्याच्या मढ्याच्या पायाशी बसून, सगळ्या मुलखापुढं, हेलाला खोटा नकार द्यायचा? त्या रीतीत जन्मलेल्या बाईला ते जमणं कठीण होतं. ती हाताची बोटं बघत बसली. ऊन वर आलं. मढ्याच्या तोंडावर माश्या बसायला लागल्या, त्या वारायचंही कुणाला सुचेना. जयवंताला घाई नव्हती. संध्याकाळपर्यंत बसायची तिची तयारी होती, पोटात दोन भाकऱ्या होत्या.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "व्हय गं बाय."

ठकी होती ती. तिचा होकार हेलाला लागू नव्हता, ती घरची नव्हे. पण आवाज सगळ्यांनी ऐकला. मग सवाष्णींच्या घोळक्यातून एक म्हातारी पुढं सरकली आणि म्हणाली, "व्हय गं बाय. सदूनंच काडलं." तीही त्या नऊ जणांतली. मग वाडीवरचा एक गडी. मग आणखी एक. अठरा वर्षं ज्यांनी पाटलाच्या भीतीनं तोंड शिवून ठेवलं होतं, त्यांतली जी उरली होती ती बोलली. जिवंतपणी नाही बोलली, मढं बघून बोलली. लाज वाटावी अशीच गोष्ट, पण बोलली.

आनंदीबाईनं डोकं वर केलं. तिनं लेकाकडं बघितलं नाही, नवऱ्याकडं बघितलं नाही. जयवंताकडं बघून ती म्हणाली, "व्हय गं बाय."

गोमा खाली बसला. मास्तरांनी वही मिटली.

जयवंताचा आवाज आता असा लागला, की लोधिवलीलाही कुणी ऐकला नव्हता. "नऊ जीव काडलं रं, बैलांसाटी धाडलास रं..."

"व्हय गं बाय."

"मधधारंला वंडका आला रं, दोर तुज्या हातचा सुटला रं..."

"सुटला नाय गं," आनंदीबाई म्हणाली. होकार देणारीनं स्वतःचं काही बोलायचं नसतं, पण ती बोलली. "त्यांनी सोडला. मला म्हनले, सोड, न्हाय तं आपन बी जाऊ. मंग मी बी सोडला. मी मागं व्हते, जयवंता. माज्या हाताची सालं निगाली व्हती."

हे मात्र जयवंताला ठाऊक नव्हतं. ठकीनं लांबून बघितलं होतं, तिला वाटलं होतं दोर निसटला. जयवंतानं येसाजीच्या छातीवरच्या पदकाकडं बघितलं. हात पुढं केला, ते पदक उपटलं आणि अंगणाच्या धुळीत टाकलं.

आणि मग ती रडली. येसाजीच्या उशाशी बसून, येसाजीच्या बायकोचे होकार घेऊन, ती सदूवर रडली. सदू पहिल्यांदा पोहला ते, आईच्या पायात काटा मोडला तर पाठुंगळी घेऊन आला ते, लग्नात हळद लागल्यावर लाजून भाताच्या उडव्यामागं लपला ते. आनंदीबाई प्रत्येक ओळीला होय म्हणत होती. येसाजीचं नाव त्यात पुन्हा आलं नाही. आलेली सगळी माणसं, कारकून, मेंबर, भावकी, त्याच्या तिरडीभोवती बसून दुसऱ्याच माणसासाठी डोळे पुसत होती. याहून मोठा सूड कुणी कुणावर उगवला असेल तर मला सांगा.

एक शेवटची ओळ तिनं राखून ठेवली होती. अकरा वर्षं ती ओळ तिनं जात्यावर, पाणवठ्यावर, मनातल्या मनात घोळवली होती. 'हेल सदूचा झाला रं पाटला, तू तसाच जा रं.' ती म्हणायची, उठायचं, आणि मागं न बघता पोशीरची वाट धरायची.

तिनं श्वास घेतला, आणि मागं काहीतरी फुटल्याचा आवाज झाला.

सुंदरा पाटलाच्या पायरीपाशी उकिडवी बसली होती. पायरीच्या दगडावर तिनं डावा हात आपटला होता, आता उजवा आपटत होती. हिरव्या काचा खाली सांडल्या होत्या आणि मनगटातून रक्त येत होतं. आनंदीबाईच्या बांगड्या फुटायला अजून अवकाश होता. त्याआधी त्याच पायरीवर सुंदरानं आपल्या फोडल्या. तिला कुणी हात लावून थांबवलं नाही. बायका दोन पावलं मागं सरल्या.

दोन्ही हात रिकामे झाल्यावर ती उठली आणि जयवंतासमोर येऊन उभी राहिली. रडत नव्हती.

"वन्सं," ती म्हणाली, "तुमाला कदी कळलं हे?"

जयवंताला ती ओळ आठवेना.

"सांगा की."

"ठकीनं सांगितलं," जयवंता म्हणाली. "अकरा वर्सं झाली."

"अकरा वर्सं." सुंदरानं पायरीकडं बघितलं. "मागल्या दिवाळीला तुमीच म्हनलात, बांगड्या भर गं, हात मोकळा दिसतोय. तुमीच कासाराला दारात बसवलात."

"तुला सांगितलं असतं तं तू गप बसली असतीस का? त्यानं वाडी पेटवली असती, सुंदरे. मी आजच्यासाटी थांबले. त्याला असा उघडा पाडायला थांबले."

"त्याला उघडा पाडलात," सुंदरा म्हणाली. "चांगलं केलंत. पन माज्या दारात येऊन तो सांगायचा, सदू धक्क्यावर दिसला, आनि मी धा-धा दिस जेवायचे नाय. मी तुमाला सांगायचे, वन्सं, ह्यांना बगितलं म्हनं कुनी. तुमी ऐकून घ्यायच्या. माज्या डोक्यावरनं हात फिरवायच्या."

सगळं खरं होतं.

सुंदरा वळली आणि नदीकडं चालायला लागली. नवरा गेला म्हणजे बायकोनं नदीवर अंघोळ करायची, ही रीत तिला ठाऊक होती, अठरा वर्षं उशीर झाला एवढंच. जयवंता तिच्यामागं निघाली. पाटलाचं काय झालं ते तिनं बघितलं नाही. पुढं कळलं, की हेल पुरा न होताच त्याला उचलला. पुरता रडून घ्यायला कुणी पुढं आलीच नाही. साप्ताहिकात दोन ओळी आल्या, त्यात पुराचा उल्लेख नव्हता. अकरा वर्षं तिनं हेच मागितलं होतं, आणि मिळालं तेव्हा ती वाटेवर दहा पावलं मागं राहून एका बाईच्या पाठीकडं बघत चालत होती.

नदी हिवाळ्याची, घोट्याएवढी. सुंदरा पाण्यात बसली, ओंजळीनं कपाळ धुतलं. कुंकू जाईना, इतक्या वर्षांचं. तिनं वाळू घेऊन घासलं.

जयवंता काठावर बसली. आता पाटलाचं अंगण नव्हतं, लोक नव्हते. आता सदूचा खरा हेल उचलायचा होता, जिथं तो गेला तिथंच. तिनं पाण्याकडं तोंड केलं आणि म्हणाली, "माज्या सदू रं, पान्यातल्या राजा रं..."

आणि थांबली. होकार आल्याशिवाय पुढची ओळ नाही. सदूच्या घरातली जवळची बाई एकच होती, ती समोर पाण्यात बसली होती.

जयवंतानं पुन्हा म्हटलं, "माज्या सदू रं..."

सुंदरा उठली. लुगड्याचा पदर तिनं पिळला, मोकळ्या कपाळावरून ओढून घेतला. काठ चढून जयवंतापाशी आली तेव्हा क्षणभर थांबली.

"मी मेले म्हंजी तुमी येऊ नका, वन्सं," ती म्हणाली. "माज्या उशाशी बसू नका."

आणि ती घराकडं निघून गेली. जयवंता ऊन उतरेपर्यंत तिथंच बसून होती. हेल अर्धाच राहिला.